मावशींच्या कच्च्या फायली

माझ्या सासूबाईंचा आवाज फार गोड आहे, हे मला त्यांची ओळख होण्याआधीच ऐकवण्यात आलं होतं. लग्न ठरण्याच्या सुमारास मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तर सासऱ्यांनी दार अर्धवट उघडून ओठांवर बोट ठेवलं. आत वाचन चाललंय, असं ते कुजबुजले. मी बूट हातात घेऊन बाहेरच्या खोलीत उभा राहिलो आणि बंद दाराआडून येणारा आवाज ऐकत राहिलो. शब्द नीट कळत नव्हते, पण या बाईंनी विजेचं बिल वाचलं तरी माणूस शेवटपर्यंत ऐकेल एवढं कळलं.

आई, म्हणजे सासूबाई, मीही त्यांना आईच म्हणतो, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा लोकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून सासऱ्यांनी तिथे स्टुडिओ केला होता. आई माइकसमोर बसायच्या आणि सासरे हेडफोन लावून मशीनवर. नंतर ते एकटेच बसून खोकले, अडखळणं, पानांची सळसळ असं सगळं कापून काढायचे आणि तयार पुस्तक आधी सीडीवर, पुढे पेनड्राइव्हवर घालून पोस्टाने पाठवायचे. ऐकणाऱ्यांमध्ये आईंचं नाव मावशी. मावशींना फोन यायचे, ब्रेलमध्ये पत्रं यायची. त्या पत्रांवरून आई कौतुकाने बोटं फिरवायच्या आणि ती कपाटात ठेवून द्यायच्या. त्यांना ती वाचता येत नव्हती, आणि शिकावंसं कधी वाटलंही नसावं.

सासरे गेले, आम्ही दोघं आईंच्या सोबतीला तिथे राहायला आलो, आणि पोस्टाचं काम थांबलं. आईंनी वाचन सोडलं नाही, मशीन चालू-बंद करायला त्या शिकल्या, पण पुढचं सगळं साचत गेलं. एकदा जेवताना बायको म्हणाली, की दिवसभर ऑफिसात लोकांच्या फायली सांभाळतोस, कधी माझ्या आईच्याही सांभाळ की. बोलण्यात टोमणा होता, पण मला तो आवडला. सासरी अक्कल दाखवायची संधी जावयाला काय रोज मिळत नाही.

ऑफिसातून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर मी साहेबांना विचारून घरी आणला, आतली धूळ झटकली आणि आईंच्या स्टुडिओतल्या टेबलाखाली ठेवला. त्यावर सर्व्हर बसवला. म्हणजे श्रोत्याने आपल्या घरी बसून पत्ता टाकायचा आणि हवं ते पुस्तक उतरवून घ्यायचं. बसवणं सोपं असतं, ते कोणीही करतं. खरी कला ते सुरक्षित करण्यात आहे असं माझं मत आहे आणि हे मत मी कोणी विचारलं नसतानाही सांगतो. बाहेरून आत येण्याच्या सगळ्या वाटा बुजवून एकच उघडी ठेवली. मध्येच कोणी डोकावू नये म्हणून त्या वाटेवरची सगळी ये-जा सांकेतिक केली. प्रत्येक श्रोत्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड दिला. पासवर्ड सारखा चुकला की दार थोडा वेळ आपोआप बंद. सर्व्हरला फायली नुसत्या वाचता येतील, पुसता किंवा बदलता येणार नाहीत, अशी तजवीजही केली.

आई चहा घेऊन आल्या तेव्हा मी जमिनीवर मांडी घालून त्यांना हे सगळं समजावून सांगितलं. "मुंगी शिरणार नाही, आई," मी म्हणालो.

"जावईबापू, मुंगीला पुस्तकं काय करायचीत?" आई म्हणाल्या. "माणसं शिरतील ना?"

नेमकी माणसंच शिरेनात. मी हौसेने एक देखणं पान बनवलं होतं. पुस्तकांची मुखपृष्ठं, सरकणारी चित्रं, गोलमटोल बटणं. कोणासाठी बनवतोय हे विसरून एखाद्याने किती मेहनत घ्यावी, त्याचा तो नमुना होता. वकीलसाहेबांचा फोन आला तेव्हा माझे डोळे उघडले. हे मावशींचे सगळ्यात बोलके श्रोते. वकिली ऐन भरात असताना त्यांची नजर हळूहळू गेली, आणि आता फोनच त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. तो फोन त्यांना माझं पान कसं वाचून दाखवत होता ते त्यांनी मला ऐकवलं. "चित्र, चित्र, बटण, चित्र, बटण. अहो, यात पुस्तक कुठाय?"

मी ते पान बाजूला सारलं आणि काम भागावं म्हणून त्यांना आतला पत्ता दिला. तिथे पान वगैरे काही नाही, कप्प्यांची आणि फायलींची नुसती यादी, एकाखाली एक नावं. आमच्या धंद्यात ही यादी उघडी दिसणं गावंढळपणाचं मानतात. दुकानदाराने गिऱ्हाइकाला सरळ मागच्या गोदामात नेऊन सोडावं, तशातला प्रकार. सर्व्हर बसवला की आधी ती बंद करायची असते. पण वकीलसाहेब खूश झाले. हेच हवं होतं, याला हात लावू नका, असं त्यांनी बजावलं. दुसऱ्या दिवशी आणखी कोणाकोणाचे तसेच फोन आले. मग मी ती यादी तात्पुरती तशीच ठेवली. आमच्याकडे सगळ्यात जास्त टिकते ती तात्पुरती केलेली सोय.

त्या यादीत दोन कप्पे दिसायचे. 'तयार' आणि 'कच्चं'. नावं सासऱ्यांनीच दिलेली. तयारमध्ये काटछाट केलेली पुस्तकं होती आणि कच्च्यात मूळ रेकॉर्डिंग, सगळ्या खोकल्यांसकट. मी अख्खी डिस्क उचलून सर्व्हरवर ओतली होती. कच्चं काढून टाकतो असं म्हणालो तर बायको अंगावरच आली. तयारमध्ये बाबा कुठेच नाहीत, ती म्हणाली, त्यांनी स्वतःला कापून काढलंय. कच्च्यात ते आहेत. आईला पाणी देतात, "पुन्हा घे" म्हणतात. आत्ता तिला ते ऐकवत नव्हतं, पण कधीतरी ऐकायचं होतं. तेव्हा ते पुसायचं नाही. मी म्हटलं बरं, सुट्टीच्या दिवशी त्या कप्प्याला वेगळं कुलूप घालतो. सुट्ट्या आल्या आणि गेल्या. चोर बाहेरून येतो, या हिशेबाने मी सगळी बांधाबांध केली होती. आत आलेला माणूस शेजारचं दार ढकलून बघेल, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

श्रोते वाढत गेले. आई तर हरखून गेल्या होत्या. आज अमकीचा फोन आला, आज तमक्याने दोन पुस्तकं उतरवून घेतली, असं जेवताना सांगायच्या. मग श्रोत्यांनीच मिळून मावशींसाठी एक छोटा समारंभ ठरवला. जवळच्या वाचनालयाचा हॉल मिळाला. आईंनी आयुष्यात काही मागितलं नव्हतं, पण हा समारंभ त्यांना मनापासून हवा होता. सासऱ्यांच्या मागे त्यांच्या हातात उरलं होतं ते हेच काम आणि ही माणसं.

त्या आठवड्यात वकीलसाहेबांनी मला घरी बोलावलं. आईंना न सांगता या, म्हणाले.

त्यांच्या खोलीत दिवसाही दिवा लावलेला होता, येणाऱ्याची गैरसोय होऊ नये म्हणून. मला बसवून त्यांनी आधी इकडचंतिकडचं विचारलं. मग सांगायला लागले. सासरे असताना आईंनी वाचलेली एका दरीतल्या गावावरची कादंबरी त्यांनी यादीतून उतरवून घेतली होती. वकीलसाहेबांनी ती तरुणपणी, डोळे होते तेव्हा, वाचलेली. तिच्यात एक पहाट आहे. दरीत उजेड कसा उतरतो त्याचं लांबलचक वर्णन आहे. ते ऐकायला मिळणार म्हणून ते रोज थोडं थोडं ऐकत पुढे सरकत होते. आणि मावशी रात्रीवरून थेट सकाळच्या चहावर आल्या. पहाट नाहीच. कापताना गेली असेल, असं त्यांना वाटलं. यादीत कच्चं हा कप्पा दिसला, म्हणून राहिलेलं पान सापडतंय का ते बघायला ते तिथे गेले.

"ऐका," ते म्हणाले आणि त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

आधी वाचन होतं. मग ते थांबलं. पान उलटल्याचा आवाज, आणखी एक पान. मग आईंचा आवाज, पुस्तकाबाहेरचा: "हे पुढे सगळे नुसते रंगच रंग आहेत."

"वाच की," सासरे म्हणाले. "लिहिलंय ना त्याने."

"कशाला? नाहीतरी त्यांना कुठे कळणार आहे! निळं काय नि जांभळं काय." आणि आई हसल्या. त्यांच्यामागून सासरेही हसले. "चल, 'सकाळी चहा झाल्यावर' पासून घेते."

माझे कान तापले. वकीलसाहेबांना माझं तोंड दिसत नाहीये, याचं मला क्षणभर बरं वाटलं. आणि असं बरं वाटल्याची त्याहून जास्त लाज वाटली.

एवढ्या एकाच पुस्तकात असतं तर मी गप्प बसलो असतो, वकीलसाहेब म्हणाले. पण मग त्यांनी एकेक करून दुसरी पुस्तकंही चाळली होती. फुलं, आकाश, भिंती, बायकांचे कपडे, जिथे जिथे रंग आले तिथे तिथे मावशींनी उडी मारली होती. "मला वाटायचं, हल्लीचे लेखक रंग लिहायचंच विसरलेत," ते म्हणाले. खरं सांगायचं होतं ते त्यांनी नंतर सांगितलं. त्यांनी कोणाजवळ तोंड उघडलं नव्हतं, पण यादी सगळ्यांकडे होती, आणि ज्यांचा दिवस ऐकण्यावरच जातो ती माणसं कच्चं सोडून थोडीच देणार. आता बहुतेकांना माहीत होतं. समारंभ रद्द करायला मात्र कोणी तयार नव्हतं. त्यांचं मावशींवर प्रेम होतंच, आणि रागही होता. दोन्हींचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"मी आयुष्यभर कोर्टात लोकांना उघडं पाडलंय," वकीलसाहेब म्हणाले. "मावशींच्या बाबतीत मला ते करायचं नाही. तुम्ही घरात सांगा त्यांना. चार लोकांत बसून कळू नये."

मी शब्द दिला आणि उठलो.

घरी येऊन मी आधी कच्च्याला कुलूप घातलं. आता त्याचा काही उपयोग नव्हता, पण हाताला दुसरं काही सुचेना. मग बायकोला बोलावून हेडफोन दिले. तिने ऐकलं. वडिलांचं हसणं आलं तशी तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाबांचा आवाज ऐकायची ती इतके दिवस वाट बघत होती, आणि ऐकायला मिळाला तो असा, तोही माझ्या कृपेने.  तिथूनच ती म्हणाली, "बाबा हसले रे."

आईंना कोणी सांगायचं यावर आमची जुंपली. मी म्हटलं, तुझी आई आहे, तू सांग. ती म्हणाली, तुझा सर्व्हर आहे, तू सांग. शेवटी ठरलं की मीच सांगायचं, कारण मुलीने सांगितलं तर आई कोसळतील आणि जावयाने सांगितलं तर निदान उभ्या राहतील. हे तर्कट कोणाचं होतं ते आता आठवत नाही. बहुधा माझंच असावं.

दोनतीनदा मी स्टुडिओच्या दारापर्यंत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन परत आलो. समारंभाच्या दिवशी सकाळी मात्र मनाचा हिय्या करून त्यांच्या खोलीत शिरलो. आई इस्त्री करत होत्या. पलंगावर ठेवणीतले दोन पोशाख पसरलेले होते, एक निळा आणि एक जरा विटकरी. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "यातला कुठला घालू? विटकरी फार भडक होतो का?"

मी काही न ठरवता बोलून गेलो. "काहीही घाला हो आई, त्यांना कुठे..."

तिथेच माझी जीभ अडकली. तेच शब्द होते. चालही जवळजवळ तीच. मी इतके दिवस मनातल्या मनात आईंचा न्यायनिवाडा करत होतो, आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडत होतं? आईंना काही खटकलं नाही. त्या हसल्या, म्हणाल्या, खरंच की, मी पण वेडीच, आणि निळा पोशाख इस्त्रीखाली घेतला. त्यांना काही सांगायचा अधिकार मला उरलाय असं वाटेना. उशीर होतोय, असं काहीतरी पुटपुटून मी खोलीबाहेर आलो. तो अधिकाराचा प्रश्न नव्हता, माझी फाटली होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

हॉलच्या दाराशीच वकीलसाहेब उभे होते. माझा आवाज ऐकून त्यांनी माझा हात धरला आणि हलकेच विचारलं, "सांगितलंत ना?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि माझा हात थोपटला. तो हात मी खिशात घातला आणि नंतर बराच वेळ बाहेर काढला नाही.

हॉल भरला होता. खुर्च्यांखाली पांढऱ्या काठ्या घडी घालून ठेवलेल्या. आई आत आल्या आणि नुसतं "काय, जमले का सगळे?" म्हणाल्या, तर सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. कोणीतरी त्यांना फुलं दिली. वकीलसाहेब चार शब्द बोलले, छान बोलले. माझ्या "हो"वर विसंबून त्यांनी पुढचं सगळं सैल सोडलं होतं. आई पहिल्या रांगेकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या, आणि त्यांना आनंद लपवता येत नव्हता. बायको माझ्या शेजारी बसून माझ्याकडे बघायचं टाळत होती.

मग दुसऱ्या रांगेतली एक बाई उठली. लोकरीचं विणकाम शिकवायची ती. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. मावशींना कधी समोर बसून वाचताना ऐकलं नाही, आज थोडं वाचाल का, असं तिने विचारलं आणि पिशवीतून एक पुस्तक काढलं. आत कोणाकडून तरी खूण घालून घेतलेली होती. पुस्तक हातोहात पुढे आलं. दरीवरचीच कादंबरी होती ती. वकीलसाहेबांच्या कपाळाला हलकी आठी पडली, पण ते गप्प राहिले. मावशींना सगळं ठाऊक आहे, असंच त्यांना वाटत होतं.

मी उठायला हवं होतं. दिवे गेले, छत पडलं, काहीही ओरडायला हवं होतं. मी खुर्चीच्या कडेला सरकून बसलो, एवढंच केलं.

आईंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. त्या दिवशी आवाज असा काही लागला होता की दारातून आत येणारा हॉलचा पहारेकरीसुद्धा थबकला. दरीतली रात्र सुरू होती, एक म्हातारा गुरांच्या गळ्यातल्या घंटा मोजत जागा होता. घंटा एकेक करून थांबल्या. आई पानाच्या शेवटी आल्या, बोटाने दोन पानं अलगद उचलली, आवाजही होऊ न देता उलटली आणि त्याच लयीत पुढे वाचू लागल्या. "सकाळी चहा झाल्यावर..." त्यांनी हे मुद्दाम केलं नाही. ते त्यांच्या हाताला पडलेलं वळण होतं, इतक्या वर्षांचं.

 हॉलमधला श्वास बदलला, आणि मागे कुठेतरी एक खुर्ची करकरली. आईंनी मान वर केली.

"मावशी, मधलं राहिलं," विणकामवाली म्हणाली.

"काही नाही गं. नुसतं वर्णन आहे."

"रंगांचं ना? तेच वाचा."

आई गोंधळून हसल्या. "तुला कसं गं माहीत?"

"कच्च्यात ऐकलं." तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणून ते जास्त झोंबलं. "आम्ही सगळ्यांनीच ऐकलंय."

आईंना क्षणभर काही उमगलं नाही. कच्चं हा त्या घरातला शब्द होता, सासऱ्यांचा. तो या बाईच्या तोंडी कसा, हे त्या जुळवत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर बघू शकणारे त्या हॉलमध्ये आम्ही जेमतेम तिघं होतो. मी मान खाली घातली, आणि त्यांना सगळं समजलं. वकीलसाहेबांना दिसलं नाही, पण त्या शांततेवरून त्यांनाही समजलं असावं, कारण त्यांनी माझ्या दिशेला तोंड वळवलं आणि पुन्हा समोर केलं. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

मला वाटलं, आई आता उठून जातील. गेल्या असत्या तर मीही मागोमाग गेलो असतो आणि सुटलो असतो. पण त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि उलटलेली पानं मागे घेतली.

"आधी सगळं राखाडी होतं," त्या वाचू लागल्या. "मग कडांवरून ते जांभळं व्हायला लागलं. जांभळं म्हणावं तोवर निळं झालं होतं..."

आवाज लागेना. इतकी वर्षं ज्याच्यावर माणसं जीव टाकत होती तो आवाज कोरडा पडला होता, आणि त्या पहिल्यांदाच वाचत असल्यासारख्या अडखळत होत्या. पहिल्यांदाच वाचत होत्या म्हणा. शेवाळी, गेरू, अबोली, मातकट, पिवळा, असे एकेक रंग येत गेले आणि प्रत्येक ठिकाणी त्या थोड्या थांबल्या. कापून टाकायला तिथे सासरे नव्हते. ऐकणाऱ्यांपैकी कोणी हललं नाही. वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. उजेड शेवटी दरीच्या तळाशी पोचला आणि वर्णन संपलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. मागून एका म्हाताऱ्या आवाजाने विचारलं, "जांभळ्यापासून परत वाचाल का?"

आईंनी परत वाचलं.

घरी आलो तेव्हा बाहेर अजून उजेड होता.  बायको सरळ स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटायला लागली. आई पोशाख न बदलता स्टुडिओत जाऊन बसल्या. मी दारात घुटमळत राहिलो.

"तुम्हाला आधी माहीत होतं," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

"हो. सांगायला आलो होतो, आई. पण..."

"निळा चांगला दिसेल म्हणालात ना," त्या म्हणाल्या. मी तसं म्हणालो नव्हतो. मी काय म्हणणार होतो ते त्यांना सांगावंसं वाटलं, आणि तेही सांगितलं नाही.

त्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला. सासऱ्यांची खुर्ची. मी बसलो. "ते लावा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आज नको, तुम्ही दमलाय. त्यांनी नुसते हेडफोन बाजूला सारून स्पीकरकडे बोट दाखवलं. मी कच्च्याचं कुलूप काढलं, फाइल शोधली आणि लावली.

गाद्या ठोकलेल्या त्या खोलीत आवाजाला बाहेर जायला वाट नव्हती. वाचन, मग पानं, मग रंगच रंग आहेत. सासरे म्हणाले, वाच की. नाहीतरी त्यांना कुठे कळणार आहे. आईंचं हसणं आलं, सासऱ्यांचं हसणं आलं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. आई पुढे वाकून, हात मांडीवर घट्ट धरून ऐकत होत्या. आपलंच बोलणं त्या पहिल्यांदा श्रोत्याच्या जागी बसून ऐकत होत्या. चहा झाल्यावरची सकाळ सुरू झाली तेव्हा मी ते थांबवलं.

 आई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "किती गोड आवाजात बोललेय हो मी."

 मी मशीन बंद करायला हात पुढे केला. आईंनी माझा हात धरून खाली ठेवला.

"पुढची लावा," त्या म्हणाल्या.